हातात धरायचा रेडिओ स्कॅनर कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा आमच्याकडची वीज गेली, इंटरनेट गेलं, मोबाइलला रेंज येईना. शेजारच्या आजोबांच्या ओसरीत मात्र एक छोटा डबा बोलत होता: कुठे झाड पडलंय, कुठला रस्ता बंद आहे, अग्निशमन दलाची गाडी कुठे निघाली आहे. त्या डब्यात दोन पेन्सिल सेल होते, बाकी काही नाही. तेव्हापासून मलाही हा नाद लागला. मंडळाच्या सहलीला गेलो की कुणीतरी कमरेचा स्कॅनर बघतं आणि तेच तेच प्रश्न विचारतं, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारताचा मामला वेगळा आहे, तो पुढे येईल.

स्कॅनर म्हणजे वॉकीटॉकीच ना?

नाही. वॉकीटॉकीवर बोलता येतं, स्कॅनर फक्त ऐकतो. तुम्ही त्यात फ्रिक्वेन्सी भरून ठेवता आणि तो एकापाठोपाठ एक भराभर तपासत जातो. कुठे कुणी बोलताना सापडलं की थांबतो, बोलणं संपलं की पुढे सरकतो. आकाशवाणीसारखा सतत कार्यक्रम चालू नसतो. दहा मिनिटं शांतता आणि मग आठ सेकंदांचं एक वाक्य, असं त्याचं चालतं. ज्यांना ही शांतता सोसत नाही त्यांनी पैसे वाचवावेत.

मग कोणता घेऊ? एकच नाव सांगा.

सगळ्यांना हेच हवं असतं आणि मी सांगत नाही. उलट विचारतो, ऐकायचंय काय? विमानं, रेल्वे, बोटी, हवामान, हॅम मंडळी (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे) एवढंच हवं असेल तर साधा अॅनालॉग स्कॅनर पुरतो. युनिडेनचा बीसी१२५एटी त्यासाठी उत्तम आहे. किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास, पाचशे चॅनल, प्रत्येकाला नाव देता येतं, दोन पेन्सिल सेलवर चालतो. त्याचा धाकटा भाऊ बीसी७५एक्सएलटी तीनशे चॅनलचा आणि थोडा स्वस्त आहे, पण लष्करी विमानांचा २२५ ते ३८० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यात नाही. वीस-तीस डॉलरसाठी मन मारू नका.

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका ऐकायच्या असतील तर मात्र तुमच्या काउंटीत काय वापरतात ते आधी शोधा, पाकिटाला हात नंतर घाला. उलट क्रमाने जाणारे लोक मी पाहिलेत. त्यातला पहिला मी स्वतः.

तुमचं काय झालं होतं?

गॅरेज सेलमध्ये चाळीस डॉलरला एक स्कॅनर मिळाला. खोक्यासकट, पुस्तिकेसकट, ओरखडाही नव्हता. विकणाऱ्याने खात्रीने सांगितलं, 'गावातलं सगळं पकडतो.' पकडत असणार, पंधरा वर्षांपूर्वी! घरी आणून रात्री अकरापर्यंत आकडे भरत बसलो. ऐकू काय आलं, तर विहिरीवरचा डिझेल पंप लांबून ऐकावा तशी घरघर. ती घरघर म्हणजेच डिजिटल प्रक्षेपण. स्कॅनर अॅनालॉग आणि यंत्रणा डिजिटल. मशीन बिघडलेलं नव्हतं, त्याला ती भाषाच येत नव्हती.

माझ्या गावात काय वापरतात ते कसं शोधायचं?

रेडिओरेफरन्स नावाची वेबसाइट आहे. हौशी लोकांनी मिळून उभी केलेली प्रचंड यादी. राज्य निवडा, काउंटी निवडा, समोर तक्ते येतात. ते वाचताना नवखा माणूस गांगरतो. तुम्ही फक्त तीन गोष्टी बघा.

पहिली, फ्रिक्वेन्सी. १५०-१७४ किंवा ४५०-५१२ मेगाहर्ट्झच्या आसपासचे सुटे आकडे असतील आणि मोडच्या रकान्यात एफएम लिहिलं असेल, तर स्वस्त स्कॅनर चालेल. लहान गावांची स्वयंसेवी अग्निशमन दलं अजूनही अशी सापडतात. ७०० किंवा ८०० मेगाहर्ट्झ दिसले की बीसी१२५एटी बाद, त्याची धाव ५१२ला संपते.

दुसरी, यंत्रणेचा प्रकार. 'प्रोजेक्ट २५' किंवा 'पी२५' लिहिलं असेल तर डिजिटल स्कॅनर लागणार. त्यातही फेज १ आणि फेज २ असे दोन प्रकार आहेत. फेज २मध्ये एकाच वाहिनीवर दोन संभाषणं आळीपाळीने, काळाचे बारीक तुकडे पाडून चालतात. जुने डिजिटल स्कॅनर फेज १पुरतेच असतात, त्यामुळे वापरलेला माल घेताना हे पहिलं विचारा. न्यू जर्सीची राज्यव्यापी यंत्रणा ७०० मेगाहर्ट्झवरची फेज २ आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, एन्क्रिप्शन, म्हणजे बोलण्याला घातलेलं कुलूप. टॉकग्रुपच्या, म्हणजे आपापसांत बोलणाऱ्या गटांच्या, यादीत मोडच्या रकान्यात डी (डिजिटल) किंवा टी (फेज २) असतं, कधी शेजारी ई असतं. नुसता मोठा ई जोडलेला असेल तर तो गट कायम कुलूपबंद आहे, तिथे कुठलाच स्कॅनर उपयोगाचा नाही. हजार डॉलर ओतलेत तरी नाही.

ट्रंकिंग, टॉकग्रुप ही काय भानगड आहे?

पूर्वी प्रत्येक खात्याला स्वतःची फ्रिक्वेन्सी असायची. आता बँकेतल्या टोकनसारखं चालतं. काउंटर पाच, गिऱ्हाइकं पन्नास. वरच्या पाटीवर झळकतं, 'टोकन ३४, काउंटर २', की तो माणूस उठून तिकडे जातो. इथली पाटी म्हणजे कंट्रोल चॅनल, टोकन म्हणजे टॉकग्रुप आणि काउंटर म्हणजे त्या क्षणी मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी. ट्रंकिंग स्कॅनर ती पाटी अखंड वाचत असतो, म्हणून संभाषणाचा माग सुटत नाही. साध्या स्कॅनरला पाटी दिसतच नाही. तो काउंटर दोनपाशी कान लावून उभा राहतो, तिथे कधी रस्तेदुरुस्तीवाले बोलतात, कधी शाळेच्या बसवाले.

डिजिटल स्कॅनर सहाशे डॉलरचा आणि चारशेचाही मिळतो. फरक काय?

हे नीट वाचा, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात.

मोठ्या काउंट्या एकच संदेश पाच-दहा मनोऱ्यांवरून, एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर सोडतात. याला सिमलकास्ट म्हणतात. गावच्या जत्रेत चार कोपऱ्यांत चार कर्णे लावलेले असतात. अगदी एकाखाली उभे राहिलात तर कीर्तन स्वच्छ ऐकू येतं, पण दोन कर्ण्यांच्या मधोमध उभे राहा. तेच शब्द पुढेमागे कानावर आदळतात आणि बुवा काय म्हणाले ते कळत नाही. रेडिओचंही तसंच होतं. दोन मनोऱ्यांचे सिग्नल किंचित मागेपुढे पोचतात, एकमेकांत मिसळतात आणि स्कॅनर गोंधळतो. पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या आणि आवाज तुटक, रोबोसारखा, किंवा गायब. अशा वेळी लोक मोठा अँटेना लावतात. मोठा अँटेना दूरचे मनोरेही ओढून आणतो आणि गोंधळ वाढतो.

पोलिसांच्या रेडिओत या गोंधळावर तोड काढणारी सोय असते. बहुतेक स्कॅनरांत नव्हती. २०१८मध्ये आलेल्या युनिडेनच्या एसडीएस१००ने पहिल्यांदा सिग्नल वेगळ्या पद्धतीने, त्याची तीव्रता आणि कला (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) दोन्ही मोजून उलगडायला सुरुवात केली आणि सिमलकास्टचं दुखणं पुष्कळ कमी झालं. त्याची किंमत सहाशे-सातशे डॉलर असते ती यासाठी. बीसीडी४३६एचपी किंवा व्हिसलरचा टीआरएक्स-१ हेही चांगले डिजिटल स्कॅनर आहेत, वापरलेले मिळतात आणि स्वस्त पडतात. पण तुमची काउंटी सिमलकास्टवर असेल तर ते घेऊ नका. मित्राकडून एक संध्याकाळ उसना आणून स्वतःच्या स्वयंपाकघरात लावून बघा. दुकानात किंवा मित्राच्या घरी नीट चालला याला काडीचाही अर्थ नाही.

डिजिटल घेतला की सगळे डिजिटल प्रकार ऐकू येतात?

नाही. एसडीएस१००मध्ये पी२५ आहे, पण डीएमआर आणि एनएक्सडीएन या दुसऱ्या डिजिटल पद्धतींसाठी वेगळे पैसे भरून कुलूप उघडून घ्यावं लागतं. मॉल, हॉटेलं, कारखाने, काही ठिकाणच्या खासगी रुग्णवाहिका डीएमआरवर असतात. लगेच घेऊ नका. महिनाभर वापरा, आपल्या आसपास खरंच काही आहे का बघा.

प्रोग्रॅमिंग अवघड असतं म्हणे?

साध्या स्कॅनरमध्ये यूएसबी वायर जोडून संगणकावरून तक्ता भरायचा. एकदा केलं की झालं. एसडीएस१००सारख्यात अख्ख्या अमेरिकेचा डेटाबेस कार्डावरच असतो. झिप कोड टाका आणि 'फायर', 'रेल्वे', 'पोलीस' असे प्रकार चालू-बंद करा. मात्र सगळे प्रकार चालू ठेवलेत तर कचऱ्याच्या गाड्या आणि गोल्फ मैदानावरच्या माळ्यांपासून सगळे जण तुमच्या घरात बोलू लागतील. पहिल्या आठवड्यात रोज दोन-चार चॅनल बंद करत जा. भाजी निवडल्यासारखं निवडावं लागतं.

पोलीस ऐकू येणार नसतील तर मग राहिलं काय?

पुष्कळ राहिलं. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी २०२३पासून एकेका भागाचं प्रक्षेपण कुलूपबंद करायला घेतलं. शिकागोच्या पोलिसांचं लोकांना ऐकू येतं ते अर्ध्या तासाच्या उशिराने. हे चाक उलट फिरेल असं मला वाटत नाही. फक्त पोलिसांसाठी महाग स्कॅनर घेणाऱ्याला मी सरळ नको म्हणतो.

विमानं घ्या. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, आणि जगभर एएम मोडमध्ये. नेवार्कचा टॉवर ११८.३वर, जेएफकेचा ११९.१वर. जमिनीवरचा टॉवर लांबून ऐकू येत नाही, पण दहा हजार मीटरवरचा वैमानिक तीन-चारशे किलोमीटरवरूनही तुमच्या साध्या अँटेनावर येतो, कारण त्याच्या आणि तुमच्या मध्ये काही नसतं. मुंबईहून आईबाबा येणार त्या दिवशी मी पार्किंगमध्ये बसून एअर इंडियाला 'क्लिअर्ड टू लँड' मिळताना ऐकतो, मग सावकाश कॉफी घेतो. सामान यायला तासभर असतोच.

रेल्वे १६० आणि १६१ मेगाहर्ट्झवर, साधा एफएम. मेट्रोपार्क स्टेशनाजवळ राहणाऱ्यांनी १६०.९२० भरून ठेवावी, नॉर्थईस्ट कॉरिडॉरवरचं गाड्यांचं बोलणं तिथे चालतं. पण खरी मजा मालगाड्यांच्या रुळांवर आहे. रुळाकाठी ठरावीक अंतरावर खोके बसवलेले असतात. गाडी वरून गेली की ते तापलेले बेअरिंग, लोंबणारे भाग तपासतात आणि यंत्राच्या आवाजात रेडिओवर निकाल सांगतात. माझे सासरे भुसावळला गार्ड होते. गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा त्यांना इंग्रजी उच्चार कळत नाहीत म्हणून ते घरात गप्प असायचे. एका संध्याकाळी मॅनव्हिलला रुळांजवळ स्कॅनर त्यांच्या हातात दिला. गाडी गेली, खोकं बोललं, 'नो डिफेक्ट्स, टोटल अॅक्सल्स, फोर वन टू.' सासऱ्यांनी क्षणभर बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, 'दोन इंजिनांचे सहा-सहा, बारा गेले. राहिले चारशे. म्हणजे शंभर डबे आणि पंखा एकही नाही!' दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी चारला ते बूट घालून तयार.

पंखा म्हणजे?

मलाही विचारावं लागलं. तापून पेटायला आलेला अॅक्सल, असं ते म्हणाले. हा त्यांच्या यार्डातला शब्द होता की त्यांचा स्वतःचा, ते मी नक्की सांगू शकत नाही.

हवामानाचं काय?

एनओएए या अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेचं प्रक्षेपण १६२.४०० ते १६२.५५० या सात फ्रिक्वेन्सींवर चोवीस तास चालू असतं. स्कॅनर विकत घेतल्यावर पहिल्यांदा हेच लावा. ते ऐकू आलं म्हणजे यंत्र, सेल, अँटेना सगळं ठीक आहे. समुद्राजवळ असाल तर १५६.८ हा बोटींचा चॅनल १६ भरा. आणि १४५.८०० भरून ठेवाच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी यावर बोलतात. दहा मिनिटांत ते क्षितिजाखाली जातं, म्हणून वेळ आधी बघून ठेवा.

मोबाइलवर अॅप आहेत की. मग स्कॅनर कशाला?

ब्रॉडकास्टिफाय किंवा लाइव्हएटीसीवर जे ऐकू येतं ते कुणाच्या तरी घरातल्या स्कॅनरमधूनच येतं. काय लावायचं ते तो ठरवतो, आवाज उशिराने पोचतो आणि सँडीसारख्या रात्री त्याचं इंटरनेट गेलं की तुमचं ऐकणं संपलं. पण हौस आहे की नाही हे पडताळायला अॅप उत्तम. महिनाभर ऐका, कंटाळा आला तर फुकटात सुटलात.

तीस डॉलरचा चिनी वॉकीटॉकी घेऊन भागेल का?

बाओफेंगचा यूव्ही-५आर १३६-१७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ ऐकतो, पण स्कॅन करताना मुंगीच्या पावलांनी चालतो आणि विमानांचं एएम त्याला जमत नाही. शिवाय त्याला बोलायचं बटण आहे. खिशात दाबलं गेलं आणि तुम्ही भलत्याच चॅनलवर घुसलात तर ते निस्तरणं सोपं नाही. घरात लहान मुलं असतील तर आणखी विचार करा.

आणि संगणकाला लावायचा डोंगल?

टीव्हीसाठी बनवलेला तीस-चाळीस डॉलरचा डोंगल रेडिओ म्हणून वापरता येतो हे २०१२च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं. लॅपटॉपवर एसडीआरट्रंक नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की पी२५ची दोन्ही रूपं ऐकू येतात आणि सिमलकास्टही तो बरा सांभाळतो. शिकायची तयारी असेल तर पैशांच्या मानाने याला तोड नाही. फक्त ते कमरेला अडकवता येत नाही.

सोबत आलेला अँटेना पुरतो का?

सुरुवातीला हो. नंतर ऐकायचं काय यावर लांबी ठरवा. ढोबळ हिशेब असा: ७५ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. विमानांसाठी सुमारे ६० सेंटिमीटर, रेल्वेसाठी ४७, ८०० मेगाहर्ट्झसाठी ९. म्हणजे डिजिटल पोलीस-अग्निशमनसाठी बोटाएवढा अँटेना बरोबर असतो आणि लांबलचक अँटेना लावून मिरवण्यात अर्थ नाही. नवीन अँटेना घेण्याआधी खिडकीपाशी जाऊन बघा. तळघरातून वरच्या मजल्यावर गेल्याने जो फरक पडतो तो कुठल्याच अँटेनाने पडत नाही.

हे कायदेशीर आहे ना?

अमेरिकेत कुलूप नसलेलं सार्वजनिक सुरक्षेचं प्रक्षेपण ऐकायला केंद्राच्या कायद्याने आडकाठी नाही. मोबाइल फोनचं संभाषण ऐकणं गुन्हा आहे, म्हणून १९९४पासून इथे विकल्या जाणाऱ्या स्कॅनरमध्ये ८०० मेगाहर्ट्झमधले सेल्युलर पट्टे बंदच असतात. ऐकलेलं दुसऱ्याला सांगून फायदा उपटणं यावर १९३४च्या कम्युनिकेशन्स अॅक्टची बंधनं आहेत. कुठल्याही अपघाताचा पत्ता व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नका. कायदा बाजूला ठेवला तरी त्या घरातल्या माणसाला बातमी तुमच्या गटातून कळू नये.

राज्यांचे नियम मात्र वेगळे. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा इथे पोलीस फ्रिक्वेन्सी ऐकणारा स्कॅनर गाडीत ठेवण्यावर निर्बंध आहेत. हॅम परवानाधारकांना त्यातून सूट असते. आम्ही जर्सीवाले दर शनिवार-रविवारी पूल ओलांडून न्यूयॉर्कला जातो, तेव्हा माझा स्कॅनर घरी राहतो. आता हॅमची टेक्निशियन परीक्षा दिली आहे. पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर आले की पास. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही, एच-१बीवरचेही देऊ शकतात.

सुट्टीत पुण्याला जाताना भाच्यासाठी एक नेऊ का?

नका नेऊ. भारतात बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवानगी लागते. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात ते होतं आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही आहे. आमच्या लहानपणी घरच्या साध्या रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागायचं, ती पुस्तिका आईने कपाटात जपून ठेवली होती. तो काळ गेला, पण स्कॅनर कस्टम्समध्ये सापडला तर 'हौस आहे हो साहेब' एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. भाच्याला खरंच गोडी असेल तर त्याला हॅमच्या परीक्षेला बसवा, बारा वर्षांच्या मुलालाही बसता येतं. तोवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून फुकट फिरवता येतो, शॉर्टवेव्ह ऐकायला तो झकास आहे.

सेलचं काय करायचं?

रिचार्ज होणारे एनआयएमएच घ्या. साध्या स्कॅनरमध्ये सेलच्या कप्प्यात एक चिमुकलं बटण असतं, त्यावर अल्कलाइन की एनआयएमएच ते ठरवायचं. साधे सेल घालून बटण चुकीच्या बाजूला ठेवलंत आणि यूएसबी लावलीत तर सेल चार्ज होऊ लागतात, फुगतात आणि पाझरतात. माझ्या हातून एकदा झालंय, ते पांढरं मीठ व्हिनेगरने खरवडून काढताना अर्धा रविवार गेला. एसडीएस१००ची बॅटरी मोठी आहे, तरी दिवसभराच्या भटकंतीला जोडीला पॉवर बँक लागतेच.

एका चॅनलवर सतत गुरगुर येते आणि स्कॅनर तिथेच अडकतो. बिघडलाय का?

बहुतेक नाही. आधी स्क्वेल्चची, म्हणजे बारीक गुरगुर गाळणाऱ्या सोयीची, पट्टी थोडी वर न्या. तरी थांबेना तर स्कॅनर चालू ठेवून घरातली एकेक वस्तू बंद करत जा. फोनचा चार्जर, राउटर, एलईडीचे दिवे. आमच्याकडे देव्हाऱ्यातली चिनी दिव्यांची माळ निघाली. आता विमानं ऐकायची असतील तेव्हा आधी ती माळ काढतो.